कॅम्पिंग ट्रेलरसाठी पोर्टेबल जनरेटर कुठला घ्यायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोलोरॅडोत राहतो, २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, आणि दर उन्हाळ्यात ओळखीतलं कोणीतरी मराठी कुटुंब नवीन ट्रेलर घेतं आणि मग फोन येतो की "जनरेटर कुठला घेऊ?" तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आधी एक सांगतो, इथे पंपावर ज्याला गॅस म्हणतात त्याला मी पेट्रोल म्हणणार आहे, आणि ट्रेलरच्या पुढच्या सिलिंडरमध्ये असतो तो प्रोपेन. नाहीतर फार घोळ होतो.

सगळ्यात आधी काय ठरवायचं?

एसी चालवायचा का नाही, बस. बाकी सगळं त्याच्यानंतर. एसी नको असेल तर छोटा २००० वॅटवाला एका हाताने उचलता येईल असा जनरेटर पुरतो, आणि एसी हवा असेल तर वजन, किंमत, आवाज, पेट्रोल सगळंच वाढतं. लोक दुकानात जाऊन खोक्यावरचा आकडा बघतात, ४५०० लिहिलंय म्हणजे २२०० पेक्षा चांगला असं समजतात, आणि मग ते १०० पौंडाचं धूड दर ट्रिपला ट्रकमध्ये चढवायला दोन माणसं लागतात. तुम्ही जून-जुलैत युटाच्या वाळवंटात मोआबला किंवा टेक्सासात जाणार असाल तर एसीशिवाय झोप लागणार नाही हे खरं, पण तुमचं सगळं कॅम्पिंग जर ९,००० फुटांवर डोंगरात असेल तर तिकडे रात्री पांघरूण लागतं, एसी कशाला हवाय?

खोक्यावर दोन आकडे असतात, त्यातला खरा कुठला?

छोटा आकडा खरा धरा. मोठा असतो तो स्टार्टिंग किंवा पीक वॅटचा, तेवढा दम जनरेटर फक्त काही क्षण देऊ शकतो, मोटर सुरू होताना लागतो तेवढाच. तासन् तास देऊ शकतो तो रनिंग किंवा रेटेड. होंडाचा ईयू२२००आय बघा, नावात २२०० आहे पण सतत १८०० वॅटच देतो. हे सगळ्याच कंपन्यांचं असतं, मोठा आकडा नावात आणि छोटा आकडा कुठेतरी खाली बारीक अक्षरात.

आमच्या ट्रेलरला किती वॅट लागतील, हिशोब कसा करायचा?

एका वेळी काय काय चालू असेल त्याची बेरीज करायची, घरात आहे त्या सगळ्याची नाही. साधारण आकडे असे: १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे एसीची गार करायची ताकद) छतावरचा एसी चालू झाल्यावर १३०० ते १६०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका ३००० च्या आसपास जातो. मायक्रोवेव्हवर १००० वॅट लिहिलं असेल तर ते जेवणाला मिळणारे वॅट, तो भिंतीतून ओढतो १५०० च्या आसपास. पाणी तापवायच्या टाकीचा विजेवरचा एलिमेंट १४०० च्या पुढेमागे, तो प्रोपेनवर टाका आणि विसरून जा. फ्रिज प्रोपेन आणि वीज दोन्हीवर चालणारा असेल तर विजेवर ३०० ते ४००, तोही प्रोपेनवर टाका. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर बॅटरी उतरलेली असताना ८००-९०० पर्यंत घेतो आणि हा लोकांच्या हिशोबात कधीच नसतो! एसी नीट चालू असतो, मग मध्येच जनरेटर ओव्हरलोड दाखवतो आणि सगळे एसीला दोष देतात, पण खरं म्हणजे रात्रभर उतरलेली बॅटरी मागून ओढत असते.

आणि आपल्या स्वयंपाकघराचं. ६ क्वार्टचा इन्स्टंट पॉट १००० वॅट घेतो, इंडक्शन १८०० पर्यंत. तेव्हा भात-आमटी आपला साधा कुकर आणि प्रोपेनची शेगडी, तीन शिट्ट्या, जनरेटर लागतच नाही. मिक्सर मात्र इथला ११० व्होल्टवाला हवा, भारतातून आणलेला २२० चा मिक्सर ट्रेलरच्या सॉकेटवर नीट फिरणारच नाही, चटणीचं खोबरं तसंच राहील. ११० वाला ५००-६०० वॅटचा मिक्सर छोट्या जनरेटरवर मजेत चालतो, फक्त त्या दोन मिनिटांत मायक्रोवेव्ह लावू नका.

इन्व्हर्टर जनरेटर आणि साधा ओपन फ्रेमवाला, फरक काय? साधा तर निम्म्या किमतीत मिळतोय.

साध्याचं इंजिन कायम मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतं, कारण ६० हर्ट्झ वीज त्या फिरण्यातूनच येते, मग तुम्ही एक फोन चार्ज करा नाहीतर एसी चालवा, आवाज तेवढाच. इन्व्हर्टरवाल्यात आधी डीसी करून मग इलेक्ट्रॉनिक्सने स्वच्छ एसी वीज (अल्टरनेटिंग करंट, थंड हवेचा एसी नाही) बनवतात, त्यामुळे लोड कमी असला की इंजिन हळू फिरतं, पेट्रोल कमी, आवाज कमी, आणि लॅपटॉप वगैरेला वीजही चांगली. कॅम्पग्राउंडवर ओपन फ्रेम नेऊ नका. कळकळीने सांगतोय. बांधकामाच्या साइटवरचं यंत्र आहे ते, शेजारचा माणूस सहा महिने आधी बुकिंग करून त्या झऱ्याचा आवाज ऐकायला आलेला असतो.

ओपन फ्रेममध्ये अजून एक खोड आहे. त्यातले बरेच १२०/२४० व्होल्टचे असतात आणि त्यांची वीज दोन हिश्शांत विभागलेली असते, आपला ३० अँपचा ट्रेलर त्यातला एकच हिस्सा वापरतो. म्हणजे ४००० घेतला आणि हातात आले २०००, जर त्याला सगळी ताकद १२० वर वळवायचं बटण नसेल तर.

डेसिबलचा आकडा किती असावा?

नॅशनल पार्कचा नियम ५० फुटांवरून ६० डेसिबलचा आहे. कंपन्या जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा २३ फुटांवरून, आणि पाव लोडवर घेतलेला असतो. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे २३ फुटांवर ६० असेल तर ५० फुटांवर ५३-५४, नियमात बसला. पण एसी लावल्यावर लोड पाव नसतो ना! ईयू२२००आयचाच आकडा पाव लोडला ४८ आणि पूर्ण लोडला ५७ आहे, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. म्हणून पूर्ण लोडचा आकडा शोधा, तो दिलेलाच नसेल तर मी तरी तो जनरेटर घेणार नाही.

आणि आवाजाचा नियम पाळला म्हणजे कधीही चालवा असं नाही. नॅशनल पार्कमध्ये साधारण रात्री १० ते सकाळी ६ शांततेचे तास असतात, त्याच्या वर प्रत्येक कॅम्पग्राउंडचे जनरेटरचे तास वेगळे, काही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच, आणि कॅम्पग्राउंडच्या काही भागांत (लूपमध्ये) अजिबात नाही. बुकिंग करतानाच त्या जागेच्या माहितीत बघा.

एक मोठा घ्यावा का दोन छोटे जोडावेत?

मी दोन छोट्यांच्या बाजूचा आहे. एकाच कंपनीचे दोन सारखे इन्व्हर्टर जनरेटर पॅरलल केबलने जोडता येतात, १८०० आणि १८०० म्हणजे ३६००, आणि ३० अँपच्या ट्रेलरची हद्द पण तेवढीच, १२० गुणिले ३०. प्रत्येकी ४७ पौंड वजन, कोणीही उचलतं, थंडीत एकच न्या, उन्हाळ्यात दोन, एक बिघडला तरी अंधार नाही. वाईट बाजू अशी की दोन इंजिनं, दोन वेळा ऑइल, दोन दोऱ्या ओढायच्या, आणि होंडा-यामाहाचे दोन घेतले तर २००० डॉलरच्या वर जातं. एवढे घालायचे नसतील तर साडेतीन-चार हजार वॅटवाला एकच स्वस्तातला इन्व्हर्टर मॉडेल चालेल, इलेक्ट्रिक स्टार्ट आणि चाकं असतात, फक्त वजन लक्षात ठेवा आणि ट्रकमध्ये कोण चढवणार ते आधीच ठरवा.

सॉफ्ट स्टार्ट बसवला तर एकाच छोट्या जनरेटरवर एसी चालतो म्हणतात, खरंय का?

बऱ्याच अंशी खरंय. सॉफ्ट स्टार्ट म्हणजे एसीच्या आत बसवायची छोटी डबी, ती कॉम्प्रेसरला एकदम झटका न देता हळूहळू सुरू करते आणि सुरुवातीचा करंट ६०-७० टक्क्यांनी खाली येतो. मग १३,५०० चा एसी एका २२०० वाल्यावर सुरू होतो, समुद्रसपाटीजवळ आणि दुसरं काही चालू नसताना. पण तुम्ही त्याला दिवसभर पूर्ण ताकदीला चालवताय हे विसरू नका. ईयू२२००आयची टाकी ०.९५ गॅलनची, पाव लोडवर ती ८ तास जाते आणि पूर्ण लोडवर ३.२ तासच. दुपारी ऊन मी म्हणतंय तेव्हा तीन-तीन तासांनी पेट्रोल भरत बसावं लागतं. शिवाय कडक उन्हात एसी जास्त ओढतो आणि इंजिन कमी देतं, दोन्ही एकाच वेळी. १५,००० बीटीयूचा एसी असेल तर एका छोट्याच्या नादी लागू नका.

अजून एक छोटीशी गोष्ट, एसी लावायच्या आधी जनरेटरचा इको मोड बंद करा. इंजिन हळू फिरत असताना एसीचा झटका बसला तर त्याला वेग घ्यायला वेळच मिळत नाही आणि ट्रिप होतो. एसी एकदा स्थिर चालला की मग चालू करून बघा.

डोंगरात जनरेटर कमजोर पडतो का?

पडतो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हवा विरळ म्हणून दर १००० फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. पहिल्याच वर्षी आम्ही लेडविलजवळ थांबलो होतो, तिथे उंची १०,००० फूट, म्हणजे ३५ टक्के गेले, १८०० चे उरले ११७०. मायक्रोवेव्ह लावला की लाल दिवा. मुलांना खिचडी गरम करून द्यायची होती, आणि मी मूर्खासारखा तासभर वायरी तपासत बसलो नसतो जर हा एक हिशोब माहीत असता, म्हणून सगळ्यांना सांगतो. तेव्हा एवढ्या उंचीवर डोंगरात जाणार असाल तर लागणाऱ्या वॅटच्या साधारण दीडपट आधीच धरा. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला उंचीवरचा वेगळा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला भाग) मिळतो, तो बसवला की इंजिन नीट जळतं, धूर काढत नाही, पण गेलेली ताकद परत येत नाही. आणि खाली आल्यावर तो काढायचा, नाहीतर इंजिन तापतं. फ्युएल इंजेक्शनवाले मॉडेल, जसा होंडाचा ईयू३२००आय, पेट्रोलचं प्रमाण आपलं आपण जुळवून घेतात, ताकद त्यांचीही कमी होते पण जेटची भानगड नाही.

पेट्रोल का प्रोपेन?

दोन्हीवर चालणारा मिळतो, ड्युअल फ्युएल, आणि वर्षातून चार-पाचच ट्रिपा करणाऱ्यांनी तोच घ्यावा असं माझं मत. कारण पेट्रोल टाकीत पडून राहिलं की खराब होतं, इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो आणि एप्रिलमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखतो तरी सुरू होत नाही. "नवा जनरेटर बिघडला" म्हणून जे फोन येतात त्यातले बहुतेक हेच असतात. प्रोपेन वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि ट्रेलरला सिलिंडर आधीच आहेत. तोटा असा की प्रोपेनवर ताकद साधारण १० टक्के कमी मिळते, आणि फार थंडीत सिलिंडरमधून वायू पुरेसा निघत नाही.

पेट्रोलच वापरत असाल तर सीझन संपला की टाकी रिकामी करा, आणि कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून आपोआप बंद पडू द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

जनरेटर किती लांब ठेवायचा? एवढं काय घाबरायचं उघड्यावर?

हा प्रश्न मी सगळ्यात मनापासून लिहितोय. कमीत कमी २० फूट लांब, आणि धुराचं तोंड ट्रेलरच्या उलट दिशेला. आपल्याच नाही, शेजारच्या तंबूच्याही. अमेरिकेत पोर्टेबल जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने दरवर्षी १०० च्या आसपास माणसं जातात. या वायूला वास नाही, रंग नाही. लोकांना वाटतं मोकळी हवा आहे, पण ट्रेलरखाली धूर साठतो, ट्रेलरच्या तळातल्या भोकांतून, खिडकीतून, स्लाइडच्या (बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) फटीतून आत येतो, आणि पाऊस आला म्हणून ऑनिंगखाली (दारावरच्या कापडी छपराखाली) ओढलेला जनरेटर तर सरळ दारातच असतो.

डोंगरात एक वेगळाच धोका आहे. डोकं दुखणं, मळमळ, थकवा, झोप येणं ही उंची बाधल्याची लक्षणं आणि कार्बन मोनॉक्साइडचीही हीच. पुण्याहून आलेले आई-बाबा म्हणतात "डोकं जड झालंय, जरा पडतो" आणि आपण म्हणतो हो, उंचीमुळे होतं. असं कोणी म्हणालं आणि जनरेटर चालू असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, जनरेटर बंद करा, आणि पटकन बरं वाटलं नाही किंवा कोणी गुंगीत असेल तर ९११ ला फोन करा. ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, त्याच्या मागे बाद होण्याची तारीख लिहिलेली असते, आजच जाऊन बघा. नवीन घेताना धूर साठला की आपोआप बंद होणाराच जनरेटर घ्या, आता बहुतेक कंपन्या ते देतात. पण तो सेन्सर जनरेटरपाशी असतो, तुमच्या बिछान्यापाशी नाही, म्हणून २० फूट ते २० फूटच.

बाबांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं मशीन) लागतो, मग रात्री जनरेटर चालवावाच लागेल ना?

नाही, आणि चालवूही नका. सीपॅप ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवून ३० ते ६० वॅट घेतो, रात्रीचे आठ तास म्हणजे जास्तीत जास्त ५०० वॅटतास. १०० अँपतासाच्या एका लिथियम बॅटरीत १२८० असतात, म्हणजे दोन रात्री निघतात. बहुतेक मशीनला १२ व्होल्टची वेगळी वायर मिळते, ती घ्या. दिवसा परवानगीच्या तासांत जनरेटरने बॅटरी भरून घ्यायची. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर सकाळी लवकर जनरेटर लावा, उतरलेली बॅटरी पहिल्यांदा भराभर घेते आणि ८० टक्क्यांच्या पुढे अगदी सावकाश, ती शेवटची भर सोलर पॅनेलवर सोडा. ऑक्सिजन किंवा दुसरं काही उपकरण असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना आणि मशीनवाल्यांना विचाराच.

मग फक्त बॅटरी आणि सोलरवर भागणार नाही का, जनरेटर हवाच कशाला?

एसी नसेल तर भागतं, आणि छान भागतं. दिवे, पंप, पंखा, फोन, लॅपटॉप सगळं होतं. एसी मात्र त्याच १२८० ची बॅटरी तासाभरात संपवतो.

प्लग बसत नाही / ट्रेलरचा सर्ज प्रोटेक्टर वीज आतच घेत नाही, काय करू?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेलरचा ३० अँपचा प्लग टीटी-३० असतो, काही जनरेटरला तोच सॉकेट असतो, काहींना फिरवून लॉक होणारा असतो, आणि छोट्यांना घरातल्यासारखेच. प्रत्येकाला ॲडॉप्टर मिळतो, २०-२५ डॉलर, जनरेटर घेतानाच घ्या कारण जंगलात मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. बहुतेक इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड (अर्थिंग) आत जोडलेले नसतात, आणि ट्रेलरचा चांगला प्रोटेक्टर म्हणतो ग्राउंड नाही, एरर दाखवतो आणि वीज अडवतो. जनरेटर चांगला आहे, प्रोटेक्टरही बरोबर आहे. न्यूट्रल आणि ग्राउंड जोडणारा छोटा प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावायचा, झालं. फक्त जनरेटरवरच वापरायचा, कॅम्पग्राउंडच्या खांबावर किंवा घरी कधीच नाही.

देखभाल काय काय?

नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी. खोक्यातून काढल्यावर आधी ऑइल भरायचं असतं, बऱ्याच जनरेटरमध्ये ते नसतंच. सपाट जागी ठेवा, थोडं कललं तरी ऑइल कमी आहे समजून आपोआप बंद पडतो. नॅशनल फॉरेस्टमध्ये स्पार्क अरेस्टर (धुराच्या तोंडातून ठिणग्या उडू नयेत म्हणूनची जाळी) लागतो, तो आहे का बघा. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून गार होऊ द्या, आणि पेट्रोलचा कॅन पंपावर ट्रकच्या हौद्यात ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवून भरा, स्टॅटिकची ठिणगी पडते. भरलेला जनरेटर राहत्या ट्रेलरच्या आत ठेवून प्रवास नको.

घरची वीज गेली तर हाच वापरता येईल का?

येईल, फ्रिज आणि फर्नेसचा पंखा निघतो. एक्स्टेन्शन वायरने थेट उपकरणाला द्या. दोन्ही बाजूंना नर प्लग असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमध्ये वीज सोडणं हे जीवघेणं काम आहे, बाहेर खांबावर दुरुस्तीला चढलेला माणूस त्यात जाऊ शकतो. घराच्या पॅनलला जोडायचं तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच. आणि गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीत वीज गेली तेव्हा किती घरांत कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली ते आठवतंय अजून.

कॅलिफोर्नियात राहतो, काही वेगळं?

हो, तिथे कार्बची (म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण बघणाऱ्या सरकारी मंडळाची) मान्यता असलेलाच मॉडेल घ्यावा लागतो, दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन मागवला तर दुकान पाठवत नाही. शिवाय २०२८ पासून तिथे नव्या पोर्टेबल जनरेटरना शून्य उत्सर्जनाचा नियम लागणार आहे, तेव्हा घ्यायचाच असेल तर फार लांबवू नका. आगीच्या सीझनमध्ये निघायच्या आदल्या दिवशी त्या जंगलाचे निर्बंध बघा, कधीकधी जनरेटरवरही असतात.

कायमचं भारतात परत जातोय, जनरेटर बरोबर नेऊ का?

नका नेऊ, इथेच विका. तो १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा, तिकडे २३० आणि ५०, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळवाल पण हर्ट्झ नाही जुळत. भारतात जनरेटर केव्हीएच्या आकड्यावर विकले जातात, तिथले इन्व्हर्टर मॉडेल मिळतात, ते घ्या. इथे विकताना ऑइल बदलून, टाकी रिकामी करून, घेणाऱ्यासमोर एकदा सुरू करून दाखवा आणि २० फुटांचं त्यालाही सांगा.